पुढच्या गाडीला अस्वल दिसले आहे

१८१८ साली जॉन ऑलिव्हर आणि त्याची पत्नी लुक्रिशिया डोंगर ओलांडून टेनेसीतल्या केड्स कोव्ह या दरीत राहायला आले, तेव्हा त्यांच्या पुढे एकही मोटार नव्हती. आम्ही अटलांटाहून निघून तिथे पोहोचलो, तेव्हा मात्र दरीभोवतीच्या ११ मैलांच्या एकेरी रस्त्यावर अमेरिकेतली निम्मी वाहने आमच्याआधी येऊन उभी असावीत, असे वाटत होते. ही दरी ज्यात आहे, त्या ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात प्रवेश फुकट आहे. पण पंधरा मिनिटांहून अधिक काळ गाडी उभी करायची तर २०२३ पासून पाच डॉलरचा दिवसाचा परवाना काढावा लागतो. जावईबापूंनी तो निमूटपणे काढला. त्या रस्त्यावर उभे राहण्याखेरीज दुसरे काही घडतच नसल्यामुळे ते पैसे पुरेपूर वसूल झाले.

मला तिथली जुनी चर्च पाहायची होती, सौभाग्यवतींना अस्वल पाहायचे होते आणि कन्येला आम्हा दोघांनाही अंधार पडण्यापूर्वी घरी न्यायचे होते. त्या दरीतली बहुतेक गर्दी सौभाग्यवतींच्या पक्षाची आहे, हे माझ्या लवकरच लक्षात आले. पुढची गाडी थांबली की सगळे दुर्बिणी सरसावत आणि थोड्या वेळाने ते अस्वल म्हणजे जळके खोड असल्याचे निष्पन्न होई.

प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींचे चर्च मुख्य रस्त्यापासून थोडे आत आहे. मंडळी १८२७ सालची, सध्याची इमारत १८८७ ची. आत रंग नाही, नक्षी नाही, पेटी-तबल्यासारखे कोणतेही वाद्य नाही. कारण उपासनेत वाद्य वाजवणे त्यांना मुळीच मान्य नव्हते. तिथले बाक इतके ताठ पाठीचे आहेत की प्रवचनात डुलकी काढणाऱ्याला त्यांनी कधीच दया दाखवली नसणार. मी छताकडे पाहिले, तर फळ्यांवर माणसांच्या हातांचे ठसे स्पष्ट दिसत होते. सुतारांनी त्या फळ्या हाताळल्या, तेव्हाचे ते ठसे आहेत असे सांगतात. "आपल्या सोसायटीत रंगारी असे ठसे ठेवून गेला, तेव्हा तुम्ही त्याचे पैसे कापले होते," अशी आठवण सौभाग्यवतींनी तत्परतेने करून दिली.

मागच्या दफनभूमीत ऑलिव्हर दांपत्य आहे, तसेच या दरीतलाच एक जुना रहिवासी रसेल ग्रेगरीही आहे. 'नॉर्थ कॅरोलायनाच्या बंडखोरांनी खून केला' अशा अर्थाचा मजकूर त्याच्या शिळेवर कोरला आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात ही मंडळी संघराज्याच्या बाजूची होती, त्यातून फुटून निघालेल्या दक्षिणेतल्या बंडखोरांचे बळ या भागात जास्त होते, आणि म्हणून हे चर्च काही काळ बंदच राहिले. शेजारच्या राज्याविषयीचा राग दगडात कोरून ठेवणाऱ्या या लोकांविषयी, सीमाप्रश्नावर वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला फार आपुलकी वाटली.

पुढचे, मेथडिस्ट या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाचे चर्च १९०२ चे. मॅक्कॅम्बेल नावाच्या लोहार-सुताराने ते ११५ दिवसांत आणि ११५ डॉलरमध्ये बांधले, आणि पुढे तो तिथलाच धर्मोपदेशक झाला. या चर्चला समोर दोन दारे आहेत. स्त्री-पुरुषांना वेगळे बसवणाऱ्या दुसऱ्या एका चर्चचा आराखडा उसना घेतला, म्हणून ती आली. इथली मंडळी मात्र पहिल्यापासून एकत्रच बसत. ही माहिती मी सविस्तर सांगत असताना सौभाग्यवती डाव्या दाराने बाहेर पडल्या. मी उजव्या दाराने बाहेर येऊन पाहतो, तो त्या गाडीत बसून जावईबापूंना चिवडा देत होत्या.

तिसऱ्या, म्हणजे मिशनरी बॅप्टिस्ट चर्चला घरच्यांचा ठाम विरोध होता. धर्मप्रचारक पाठवावेत की नाहीत, या वादातून १८३९ साली बॅप्टिस्टांत फूट पडली आणि हे वेगळे झाले, असे मी समजावून सांगितले. "म्हणजे तेच चर्च पुन्हा बघायचे, भांडणासकट," असे कन्या म्हणाली आणि गाडी पुढे काढण्याचे ठरले. तेवढ्यात खऱ्याखुऱ्या काळ्या अस्वलाने आपल्या दोन पिल्लांसह रस्त्याकाठी दर्शन दिले आणि चर्चच्या थोडे पुढे अख्खी रांग ठप्प झाली. अस्वलापासून निदान १५० फूट दूर राहण्याचा नियम आहे. आम्ही त्याच्या कितीतरी मागे होतो, त्यामुळे सौभाग्यवतींना समोरच्या ट्रकचा मागचा भाग तेवढा दिसत होता. मी खाली उतरलो, मागे चालत जाऊन १९१५-१६ साली बांधलेले ते चर्च आतबाहेरून सावकाश पाहिले आणि परत आलो, तरी गाडी एक तसूभरही हलली नव्हती.

"दिसले का?" मी विचारले.

"चिवडा संपला," सौभाग्यवती म्हणाल्या.