प्लाय किती शिट्ट्यांत शिजतो?

आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारं प्लायवूड, ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात. एवढं होऊन थर सुटले नाहीत तर तो पास. हे मी अमळनेरच्या मामीला मोठ्या कौतुकानं सांगितलं. डाळगंडोरीला फोडणी देता देता तिनं विचारलं, "कितल्या शिट्ट्या?"

इंटिरियरच्या कोर्समधलं मटेरियल आणि डिटेलिंग शिकायला लागल्यापासून माझी ही गत आहे. नातेवाईक वाळवी लागलेले दिवाण मला पेशंटसारखे दाखवतात. 'एमआर प्लाय दमटपणा सोसतो, पाणी नाही' हे सांगून घसा कोरडा पडतो. आणि बघणाऱ्याला वाटतं, पोरगी पडदे निवडायला शिकतेय!

मामांनी स्वयंपाकघर नवं करायचं काढलं आणि मला ड्रॉइंग मागितलं. घर जुनं, धाब्याचं. मातीच्या भिंती दोन-दोन फूट जाड, पण एकीचा दुसरीशी काटकोन नाही, भाऊबंदकीच म्हणा. मी ओट्याखालच्या ट्रॉलीचा सेक्शन, म्हणजे उभा छेद, काढला: १८ मिमी प्लाय, १ मिमी लॅमिनेट, ट्रॉली ज्यावर सरकते त्या टेलिस्कोपिक चॅनेलला दोन्हीकडे साडेबारा मिमी जागा. मिस्त्रींनी कागद उलटा धरला, सुलटा धरला आणि कानामागची पेन्सिल काढली.

"ताई, तुना मिलिमीटर ऱ्हाऊ दे. च्यार सूत सोडस."

चार सूत म्हणजे अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी. कॅटलॉग वाचून, कॅल्क्युलेटर बडवून मी जिथे पोहोचले, तिथे हे गृहस्थ आधीच बिडी पेटवून बसलेले.

मग त्यांनी काटकोन तपासायला कोपऱ्यात गुण्या लावला. तो एका टोकाला चिकटला, दुसऱ्या टोकाला बोटभर फट. मी म्हटलं, "फट झाकायला फिलर पट्टी देऊ." "देऊत," ते म्हणाले, "पन एक बाजूले दोन सूत, दुसरी बाजूले नऊ." कोर्सच्या सरांच्या फिलर पट्ट्या नेहमी समांतर असतात. सर पुण्याचे.

सगळं ठरत आलं, तेवढ्यात मामी बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, डबा घेऊन आली. पत्र्याचा, वर्षाची बेगमी मावेल एवढा. खाली जमिनीलगत ४ इंच स्कर्टिंगची पट्टी, वर ग्रॅनाइट, मध्ये ट्रॉल्या. डबा कुठेच बसेना. मी समजावलं, "मामी, ओट्याची उंची ३४ इंच असते."

"मंग उंच कर."

"आणि पोळ्या कशा लाटणार?"

"पाट शे ना घरमा."

मिस्त्रींनी टेप काढला आणि डबा मोजायला घेतला.