'पाहुणे' म्हणून बोलावलं, तिथेच चुकलं

"हे लोक आपल्यात मिसळतच नाहीत." बाहेरून आलेल्यांबद्दलची ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. मिसळायला वाट ठेवली होती का, हे मात्र कुणी विचारत नाही. पश्चिम जर्मनीत काय झालं ते बघा.

१९६१ मध्ये तुर्कस्तानशी कामगारभरतीचा करार झाला. अट अशी, की दोन वर्षं काम करा, परत जा, तुमच्या जागी दुसरा येईल. १९६४ मध्येच ती सोडावी लागली, तीही कारखानदारांच्या आग्रहाने. शिकवून तयार केलेला माणूस घालवून पुन्हा नवख्याला कोण शिकवत बसणार? माणसं राहिली, धोरण मात्र त्यांना पाहुणेच समजत राहिलं.

नोव्हेंबर १९७३ मध्ये भरती बंद झाली. आता संख्या घटेल असा अंदाज होता, झालं उलटं. तोवर माणसं जात-येत होती. आता एकदा गेलं की परतीची खात्री नाही, म्हणून त्यांनी बायकामुलांनाच बोलावून घेतलं! १९८३ मध्ये परत जाणाऱ्याला १०,५०० मार्क देऊ केले, तरी बहुतेक जण हलले नाहीत. त्यांच्या तिथेच जन्मलेल्या मुलांना जन्माने नागरिकत्व मिळू लागलं ते २००० पासून, तेही तेव्हाच्या नियमाने आई किंवा बाप आठ वर्षं कायदेशीर राहिलेला असेल तर. आणि ६०० तास भाषा, ३० तास कायदा-इतिहास असे देशभरचे वर्ग थेट २००५ मध्ये. करारानंतर ४४ वर्षांनी!

दुसरी तक्रार मजुरी पडण्याची. १९८० मध्ये काही महिन्यांत सुमारे सव्वा लाख क्युबन अमेरिकेत उतरले. त्यातले बरेचसे मायामीत राहिले आणि तिथले कामकरी सुमारे ७ टक्क्यांनी वाढले. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्डना १९९० मध्ये स्थानिकांच्या मजुरीवर परिणाम दिसला नाही. दुसरे अर्थतज्ज्ञ जॉर्ज बोरहास यांनी पुढे उलट निष्कर्ष काढला, पण त्यांचा नमुना इतका लहान आहे की मला तो पटत नाही. या वादात घरभाडं मागे पडतं. मायामीत ते तशाच इतर शहरांपेक्षा ८ ते ११ टक्के जास्त चढलं. माणसं महिन्यात येतात, घरं महिन्यात बांधून होत नाहीत. फायदा घरमालकाला, झळ जुन्या भाडेकरूला. त्याचा राग खोटा नसतो, फक्त तो नवख्या शेजाऱ्यावर निघतो.

त्यामुळे भाषेच्या वर्गांबरोबरच घरबांधणी हाती घ्यायला हवी. आणि वर्गही नुसते काढून भागत नाही: शेजारी पाळणाघर नसेल तर मुलांच्या आया येत नाहीत, आणि वेळ कामाच्या पाळीच्या आड आली तर बापही येत नाहीत.