बरनी, इसामी आणि ‘भाटांचा पुरावा’

कमेंट वाचली. दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा नुसता राग आला. तुमचं म्हणणं असं की महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली त्यावरचा माझा लेख बरनी, इसामी हे त्या काळचे दोन इतिहासकार आणि प्रवासी इब्न बतूता या तिघांच्या जिवावर उभा आहे, तिघंही कुणाचं ना कुणाचं मीठ खाल्लेले, आणि ‘भाटांचं लिखाण हा पुरावा नसतो, त्यापेक्षा शिलालेख बघा’.

आधी माझी चूक सांगून टाकतो. आंधळ्या-पांगळ्याचा किस्सा, म्हणजे पांगळ्याला दगडफेकीच्या यंत्रातून भिरकावलं आणि आंधळ्याला दिल्लीपासून फरफटत नेलं तर दौलताबादला त्याचा फक्त पाय पोचला, हे मी बतूताने डोळ्यांनी बघितल्यासारखं लिहिलं. राजधानी हलली १३२७ च्या सुमारास आणि हे साहेब दिल्लीत उगवले १३३४ ला. म्हणजे सगळं ऐकीव. आज रात्री लेखात दुरुस्ती करतो.

आता उरले दोघं. इसामीने आपला ग्रंथ ‘फुतूह-उस-सलातीन’ १३५० मध्ये पुरं केलं, तेही दौलताबादेतच बसून, बहामनी सुलतानासाठी. बहामनी राज्यच मुळात तुघलकाविरुद्ध बंड करून उभं राहिलेलं, त्यामुळे त्याला तुघलक राक्षसच दाखवायचा होता, मान्य. पण बरनीने १३५७ मध्ये लिहिलं ते महंमदानंतर गादीवर आलेल्या फिरोजशहासाठी, आणि फिरोज महंमदाचा चुलतभाऊ. त्याच्यापुढे महंमदाला शिव्या घालून बरनीला काय मिळणार होतं? तसंही काही मिळालं नाहीच म्हणा. जुन्या सुलतानाजवळ सतरा वर्षं बसणारा माणूस, नवा सुलतान आल्यावर भटनेरच्या किल्ल्यात पाच महिने कैदेत पडला आणि शेवटी कंगाल होऊन मेला. शिवाय तो स्वतःबद्दल लिहितो की आम्ही दरबारी लोक भीतीपोटी आणि लोभापायी सुलतानाला खरं सांगत नव्हतो. भाट असं लिहील का हो?

बरं, दोघांचं कारणावर जुळतच नाही. बरनी म्हणतो देवगिरी, म्हणजे दौलताबादच, राज्याच्या मधोमध पडते म्हणून हलवली, इसामी म्हणतो सुलतानाला दिल्लीकरांचा द्वेष होता म्हणून. पण लोकांना जबरदस्तीने नेलं आणि वाटेत हाल झाले यावर दोघं एकच सांगतात. एकमेकांच्या विरोधी छावण्यांतले लोक एकच गोष्ट सांगत असतील तर मी तरी ती सहज फेकून देणार नाही.

शिलालेखांचं मात्र तुम्ही बरोबर बोललात, आणि ते माझ्या लेखात यायला हवं होतं. बरनी म्हणतो दिल्लीत कुत्रं-मांजरही उरलं नाही. आणि इकडे दिल्लीच्या आसपासच्या नारायणा आणि सरबन या गावांतले १३२७ आणि १३२८ चे संस्कृत शिलालेख आहेत, विहिरी खोदल्याचे! ओस पडलेल्या शहराच्या वेशीवर पदरचे पैसे घालून कोण विहीर खोदतं? मग बरनी खोटं बोलला का, तर मला वाटतं तसं नाही. उमराव, मौलवी, सूफी, म्हणजे त्याच्या उठण्याबसण्यातले लोक गेले, आणि त्याच्या लेखी दिल्ली तेवढीच होती. हलक्या कुळातल्या लोकांबद्दल त्याला किती तिटकारा होता हे त्याच्या लिखाणात जागोजागी दिसतं, वाणी-व्यापारी त्याच्या मोजणीत कशाला येतील? ‘लहरी महंमद’ हे आपण शाळेत घोकलं त्यामागे या एका वर्गाची कैफियत आहे, पण कैफियत आहे म्हणून ती खोटी होत नाही.

राहता राहिलं इसामीचं मीठ. राजधानी हलली तेव्हा तो सोळाएक वर्षांचा होता. नव्वदीतल्या आजोबांना घेऊन घरचे निघाले आणि पहिल्याच मुक्कामाला, तिलपतला, म्हातारा गेला. तिथेच पुरला आणि बाकीचे पुढे चालू लागले. बहामनी सुलतानाला खूश करायला तिलपतचं नाव घालायची काहीच गरज नव्हती.