हुमणीवरचे सूत्रकृमी केळीला खात नाहीत

रावेर-यावलकडच्या ग्रुपांवर चार दिवसांपासून मेसेज फिरतोय: ‘हुमणीसाठी (मुळं खाणारी अळी) मिळणारे सूत्रकृमी (मातीतले धाग्यासारखे बारीक कृमी) केळीच्या मुळांवर गाठी करतात, सोडू नका. त्यापेक्षा बुरशीनाशकासोबत मेटारायझियम सोडा.’ दोन्ही गोष्टी चूक.

घोळ नावामुळे झालाय, दोघांनाही सूत्रकृमीच म्हणतात. गाठी करणारा मेलॉइडोगायनी. त्याच्या तोंडात सुईसारखा अवयव असतो, तो मुळात खुपसून रस शोषतो. हुमणीवरचा हेटरोरॅब्डिटिस वेगळा. तो अळीच्या अंगात शिरतो, स्वतःच्या पोटातले जिवाणू तिच्या रक्तात सोडतो आणि साधारण दोन दिवसांत अळी मरते. मुळं त्याचं खाद्यच नाही. गेल्या पावसाळ्यात हेच सोडून आमच्या उसाच्या बुडाशी उकरलं तेव्हा पांढऱ्या हुमण्या विटकरी लाल पडलेल्या, दुर्गंधी अजिबात नाही, नवी मुळं शाबूत.

आणि मेटारायझियम? ती स्वतःच हुमणी मारणारी बुरशी. बुरशीनाशकात कालवली तर तीच मरेल. (एकदा मीही हे केलंय, पैसे मातीत गेले.)

सूत्रकृमी ओल्या जमिनीत, संध्याकाळी सोडा. आपल्याकडच्या उन्हात ते टिकत नाहीत.

भाऊ, तो मेसेज पुढे ढकलू नका. ढकलला असेल तर त्याच ग्रुपवर हा टाका.