‘सिरॅमिक बाहेरून तापतच नाही’ म्हणे!

परत तो मेसेज आला. उन्हाळा लागला की येतोच, आमच्या अटलांटाच्या मराठी ग्रुपवर या आठवड्यात तिघांनी टाकला. "बिग ग्रीन एग किंवा कुठल्याही कमाडोसाठी (म्हणजे अंड्याच्या आकाराचं, जाड सिरॅमिकचं कोळशाचं ग्रिल) टेबल विकत घेऊ नका, एका वीकेंडमध्ये घरी बनवा. सिरॅमिक बाहेरून तापत नाही, फळीवर थेट ठेवा. लार्ज ग्रिल 18 इंची असतं, 19 इंची भोक पाडा. ट्रीटेड (कुजू नये म्हणून रसायन मुरवलेलं) लाकूड नको, आर्सेनिक असतं. चार चाकं लावा, पॉलियुरेथेन व्हार्निशचे दोन हात मारा, झालं." टेबल घरी बनवा हे मलाही पटतं, मी दोन बनवलीत. पण दुसरं बनवावं लागलं ते "फळीवर थेट ठेवा" असलंच काहीतरी ऐकल्यामुळे.

तर पहिलं तेच. सिरॅमिक तापतं. 225 फॅरनहाइटला चिकन मंद स्मोक करताना बाहेरून फार जाणवत नाही हे खरं, आणि बुडाला झाकणापेक्षा कमी तापतं हेही खरं, त्यामुळेच लोक फसतात. पण पिझ्झ्यासाठी 600च्या वर नेलं, मग धग आहेच म्हणून भरताची वांगी टाकली, मग कुणीतरी म्हणालं नानही करूया, की त्या जाड सिरॅमिकमध्ये मुरलेली उष्णता रात्री उशिरापर्यंत खालच्या लाकडात उतरत राहते. मी दोन वर्षांनी आतलं सगळं काढून शेजाऱ्याच्या मदतीने ग्रिल उचललं तेव्हा फळीवर ताटाएवढा तपकिरी गोल होता आणि मधोमध पार काळा, नखाने खरवडलं तर भुसा निघाला. आग लागली नाही हे नशीब, कारण असं वारंवार तापून कोळपलेलं लाकूड ताज्या लाकडापेक्षा लवकर पेट घेऊ शकतं. बिग ग्रीन एग कंपनी 1974 पासून आमच्याच गावातली, आणि थेट लाकडावर ठेवू नका हे तिच्या सूचनांमध्येच लिहिलेलं असतं, ते वाचतो कोण!

यावर "मग खाली फरशी टाका" असं उत्तर येतं. अर्धंच बरोबर आहे, कारण नुसती फरशी हळूहळू तापते आणि तीच धग खाली लाकडाला देते. मधे हवा खेळायला हवी. त्यासाठी टेबल नेस्ट नावाचं बुटकं स्टँड मिळतं, म्हणजे आपली अडणीच हो. आजीच्या शेगडीला खाली पाय होते ते काय शोभेला? मी 2 इंच जाडीचा काँक्रीट पेव्हर (अंगणात बसवतात ती लादी), त्यावर नेस्ट, त्यावर ग्रिल असं ठेवलंय, आणि पेव्हर पुढे थोडा जास्त येऊ दिलाय कारण खालची हवेची खिडकी उघडली की राखेबरोबर एखादा निखारा हमखास बाहेर पडतो.

आता भोक, म्हणजे वरच्या फळ्यांमधलं, ज्यातून ग्रिल खालच्या फळीवर उतरतं. 18 इंच हे आतल्या जाळीचं माप आहे राजेहो, बाहेरचं नाही! सिरॅमिकची जाडी दोन्ही बाजूंनी धरा, 19 इंची भोकात ते उतरणारच नाही. आणि उतरेल एवढंच नेमकं कापलं तरी चूक, कडेला सगळीकडून बोटभर फट हवी, लाकूड कुठेच टेकता कामा नये. शिवाय मागे बिजागरीला जागा लागते, झाकण उघडताना ती मागे जाते आणि मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नाही.

आर्सेनिकचं म्हणाल तर ती जुनी गोष्ट झाली. अमेरिकेत घरगुती वापराच्या लाकडातून ते 2003च्या अखेरीस गेलं, आता बहुतेक तांब्याची संयुगं असतात. सांगाड्याला खुशाल वापरा, फक्त साधे स्क्रू नकोत, तांब्यामुळे गंजतात, स्टेनलेस किंवा हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा जाड थर दिलेले) घ्या. आणि दुकानातून हे लाकूड बरेचदा ओलं येतं, ते तसंच जोडलं तर जॉर्जियाच्या एका उन्हाळ्यात आकसून पिळवटतं, महिनाभर सुकू द्या म्हणजे वीकेंडचा हिशोब तिथेच संपला. वरच्या फळ्यांना मी सीडर घेतलं. उरलेले ट्रीटेड तुकडे मात्र कोळशात टाकू नका, त्याचा धूर जेवणाला लागतो!

चार चाकं लावा, पण वजन चाराने भागू नका. लार्ज रिकामंच 162 पाउंड, म्हणजे 73 किलो, त्यात पेव्हर, कोळसा आणि टेबल धरलं तर दीडशे किलोच्या आसपास जातं, आणि अंगण सपाट नसलं की एक चाक अधांतरी राहतं, म्हणजे भार तीनच चाकांवर, प्रत्येकी 50 किलो धरून चाकं घ्या. माझ्या पहिल्या टेबलाचं एक चाक पाहुण्यांसमोर मोडलं होतं, बायको अजून सांगते सगळ्यांना.

पॉलियुरेथेन उन्हात पापुद्रे धरतं. मी तेल लावतो, दरवर्षी परत. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटतात, पसरून वाळवा.

आणि भोक कापायच्या आधी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, त्यात गोल कापा, ग्रिलवरून खाली उतरवून बघा, बिजागरीला अडतंय का, झाकण पूर्ण उघडतंय का. माझे तीन पुठ्ठे वाया गेले, सीडरची एकही फळी नाही.