कोळी किनारा का सोडत नाहीत? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कोळीवाडे आणि वादळांवरच्या माझ्या लेखात नुसतं कौतुक आहे, असं तुम्ही म्हणता. हे लोक दर्याला नारळ वाहून निर्धास्त होतात, इशारा आला तरी हलत नाहीत, तेव्हा त्यांना शहरात आत कुठेतरी वसवावं, हे तुमचं मत. काळजीपोटी लिहिलंत हे जाणवलं, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या आणि दर्या निवळू लागला की नारळी पौर्णिमेला नारळ वाहायचा, ही रीत १ जून ते ३१ जुलैच्या सरकारी मासेमारीबंदीपेक्षा कितीतरी जुनी आहे. ती पाळणाऱ्यांना धोका कळत नाही, हे मला पटत नाही. बंदरात तीन नंबरचा बावटा, म्हणजे वादळी वाऱ्याचा इशारा, लागला की मुंबईतल्या वेसावा (वर्सोवा), मढ या कोळीवाड्यांत फोन सुरू होतात. बाहेर गेलेल्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, परत बोलवायचं असतं.

पण परत येणं सोपं नसतं. बोंबील-जवळ्याची डोळ, म्हणजे पिशवीसारखं जाळं, समुद्रात रोवलेली असते. ती ओढायची तर पाण्याची ओढ मंदावण्याची वाट बघावी लागते, आणि उधाणात ती वेळ फार थोडी मिळते. त्यामुळे इशारा किती तास आधी आला, यावर जाळं वाचणार की जाणार हे ठरतं. हवामान खात्याचे अंदाज सुधारलेत, त्याचा इथे खरोखर उपयोग होतो.

आता १७ मे २०२१ आठवा. तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं तेव्हा किनाऱ्यावर नांगरलेल्या होड्याही एकमेकींवर आपटून फुटल्या. इशारा ऐकून परतलेल्यांचंच हे नुकसान! होडीवर कर्ज असतं, खलाशांची घरं चालतात. मग बायकामुलं शाळेत किंवा नातेवाइकांकडे जातात आणि घरातला एकजण दोर सांभाळायला मागे थांबतो. त्याला अडाणी म्हणू नका. होडी सुरक्षित राहील अशी जागा द्या, तोही जाईल.

बायकांचं नुकसान तर कुणाच्या खिजगणतीतही नसतं. वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, सुकत घातलेले बोंबील अवकाळी पावसात भिजले की कुजतात, आणि पंचनाम्यात होडीची नोंद होते, सुक्या मासळीची क्वचितच.

कोळीवाड्यातल्या गल्ल्या अरुंद आहेत, आणीबाणीत बाहेर पडणं अवघड आहे, हे तुमचं म्हणणं मान्य. पण पुनर्वसनाच्या इमारतीत दहाव्या मजल्यावर राहून डोळ कुठे विणायची, मासळी कुठे सुकवायची? आधी मढ-वेसाव्याच्या खाडीतला गाळ नियमित काढावा, होड्यांना आडोसा मिळावा. स्थलांतराची चर्चा त्यानंतर, आणि कोळ्यांना समोर बसवूनच व्हावी.