ओव्हरसेल बोंब मारतो, अंडरसेल मुका असतो

नमस्कार,

तुमच्या प्रतिक्रियेत तीन आक्षेप आहेत. त्यातला शेवटचा मला पूर्ण मान्य आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गोदामाचं सॉफ्टवेअर ऑनलाइन विक्रीच्या चॅनेलांना (ॲमेझॉन, शॉपिफाय यांसारख्या) कसं जोडावं, यावर मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: दर पंधरा मिनिटांनी साठा पाठवा हा सल्ला जुनाट आहे, आजचे कनेक्टर (गोदाम आणि चॅनेल यांना जोडणारे प्रोग्रॅम) रिअल टाइम सिंक करतात, म्हणजे बदल होताक्षणी दोन्हीकडचे आकडे जुळवतात, आणि तुमच्याकडे आठ महिन्यांत एकही ओव्हरसेल, म्हणजे नसलेल्या मालाची विक्री, झालेला नाही. दुसरं, सॉफ्टवेअरच्या लेखात मी निम्मी जागा एसकेयू (प्रत्येक वस्तूला आपण दिलेला कोड) आणि बारकोडच्या याद्यांवर घालवली, जे तुमच्या मते ‘कारकुनी काम’ आहे. आणि तिसरं, प्रत्येक चॅनेलवर खऱ्या साठ्यापेक्षा ५ नग कमी दाखवा असं मी सरसकट सांगून टाकलं. ज्याच्याकडे प्रत्येक वस्तूचे चारच नग असतात त्याने विकायचं काय?

खरंच, काय विकायचं? ते वाक्य लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर रोज शेकड्यांनी जाणाऱ्या वस्तू होत्या आणि तेच माप मी सगळ्यांना लावलं. बफर, म्हणजे हे कमी दाखवायचे नग, खपावर ठरायला हवा. दिवसाला ३०० नग जाणारी वस्तू घ्या. दिवसात पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पडतात, म्हणजे एका तुकड्यात सरासरी तीन नग जातात. सेलच्या दिवशी त्याच्या कितीतरी पट. तिथे ५ चा बफरही अपुरा पडेल. आता दिवसाला दोनच नग जाणारी वस्तू घ्या. एक विकला गेल्यावर पुढच्या पंधरा मिनिटांत दुसरा जाण्याची शक्यता साधारण दोन टक्के, आणि तिची फिकीर तरी कधी करायची, तर शेवटचा नग उरला असेल तेव्हा. अशा वस्तूला ५ चा बफर लावणं म्हणजे विकाऊ माल आपणच लपवून ठेवणं. तिच्यासाठी आता मी असं सुचवेन की शेवटचा एक नग उरला की तो एकाच चॅनेलवर दाखवावा, जिथे ती वस्तू जास्त खपते तिथे, आणि बाकी सगळीकडे शून्य. मूळ लेखातलं वाक्य मी बदललं आहे. जुनं वाक्य खोडून तिथेच ठेवलं आहे, म्हणजे तुमची प्रतिक्रिया नंतर वाचणाऱ्याला संदर्भ लागेल.

मात्र बफर हा निव्वळ भित्रेपणा आहे, हा तुमचा सूर मला पटत नाही. ॲमेझॉनवर माल स्वतः पाठवणाऱ्या विक्रेत्याने रद्द केलेल्या ऑर्डरींचं प्रमाण २.५ टक्क्यांच्या आत ठेवावं लागतं. शंभरातल्या तीन ऑर्डरी ‘माल नाही’ म्हणून रद्द केल्या की तुम्ही रेषेच्या पलीकडे. कमी ऑर्डरी असलेल्या विक्रेत्याला तर एखाद-दुसरी चूकसुद्धा महागात जाते.

आता रिअल टाइमकडे वळते. इथे थोडा दोष माझ्या लिहिण्याचा आहे. पंधरा मिनिटांनी ऑर्डरी आणा, असं मला म्हणायचं नव्हतं. बदल झाला की निरोप लगेच जाऊ दे. त्याशिवाय दर पंधरा मिनिटांनी आपल्याकडचा पूर्ण आकडा पुन्हा एकदा पाठवा, कारण मधले काही निरोप गहाळ झालेले असतात. ही दोन वेगळी कामं मी एकाच वाक्यात कोंबली.

पण ‘रिअल टाइम’ हा शब्द कनेक्टर विकणारे फार सैल हाताने वापरतात. ऑर्डर आली की चॅनेल वेबहुकने, म्हणजे आपणहून आपल्या सर्व्हरला निरोप धाडून, कळवतं, तेवढा टप्पा खरोखर झटपट होतो. पुढचे टप्पे तसे नसतात. ॲमेझॉनला साठ्याची फाइल फीड म्हणून पाठवली, तर ती आधी रांगेत लागते आणि तिच्यावर सवडीने प्रक्रिया होते. झाली का, हे वेगळं पाहावं लागतं. ऑर्डरींची यादी मागायच्या त्यांच्या एपीआयची (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याकडे माहिती मागण्याची सोय) ठरावीक मर्यादा सेकंदाला ०.०१६७ विनंत्या होती, म्हणजे मिनिटाला एक. शिवाय ‘पेंडिंग’ ऑर्डर हा आणखी वेगळा प्रकार: पैसे मंजूर झालेले नाहीत म्हणून माल पाठवायचा नाही, पण नग अडकून पडलेला असतो. तुमचा कनेक्टर पेंडिंग ऑर्डर मोजतो की नाही, हे एकदा तपासा. न मोजणारे मी पाहिले आहेत.

आणि वेबहुकसुद्धा वाटतो तितका सरळ नाही. शॉपिफायला पाच सेकंदांत ‘मिळाला’ असं उत्तर हवं असतं. नाही मिळालं तर तो निरोप पुन्हा येतो. एकच निरोप दोनदा येऊ शकतो आणि निरोप ज्या क्रमाने घडले त्याच क्रमाने पोचतील याची हमी नसते, हे तिथे लेखी सांगितलेलं आहे. रद्द झाल्याचा निरोप आधी आणि ऑर्डर आल्याचा नंतर, असंही होतं. एकदा आमचाच सर्व्हर हुशारी करत बसला: ऑर्डर नोंदवायची, सगळ्या चॅनेलांचा साठा नव्याने मोजायचा, आणि मग उत्तर द्यायचं. गर्दीच्या वेळी ते उत्तर आठव्या सेकंदाला गेलं, चॅनेलने निरोप पुन्हा पाठवला आणि आम्ही दुसरी ऑर्डर तयार केली. पॅकिंगच्या टेबलावर एकाच नावाची, एकाच पत्त्याची दोन खोकी शेजारी शेजारी आली तेव्हा कळलं. उपाय अगदी साधा होता. निरोप आधी रांगेत टाकून उत्तर द्यायचं, बाकीचं काम मागाहून. आणि एकदा पाहिलेला ऑर्डर क्रमांक पुन्हा आला की नोंदवायचा नाही. तुमचा वेगवान कनेक्टर हे करत असेल तर उत्तमच. पण वेग वाढला की फट अरुंद होते, बुजत नाही.

ज्यासाठी एवढं लांब उत्तर लिहायला घेतलं तो मुद्दा तुमच्या आठ महिन्यांच्या शून्याचा. ओव्हरसेल बोंब मारतो. ग्राहक फोन करतो, चॅनेल गुण कापतं, मालक विचारतो. अंडरसेल मुका असतो. कप्प्यात माल आहे, चॅनेलवर शून्य दिसतंय, ग्राहक दुसरीकडून घेऊन मोकळा होतो आणि तुम्हाला काहीच कळत नाही. त्याचा अहवाल कुठल्याही डॅशबोर्डवर नसतो. म्हणून ‘एकही ओव्हरसेल नाही’ हा निम्मा हिशेब झाला. साठा सतत कमी दाखवणारं बिघडलेलं सिंकसुद्धा ओव्हरसेल शून्यावर ठेवतं.

हे मला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. आमच्या गोदामात माल काढणारी एक मुलगी शेजारच्या कप्प्याची ऑर्डर काढायला गेली होती. परत येऊन म्हणाली, “मॅडम, खालच्या कप्प्यातला माल आपण बंद केलाय का? महिना झाला, एकही ऑर्डर निघालेली नाही.” मी स्कॅनर घेऊन गेले, कप्प्याचा कोड वाचला. पडद्यावर शून्य. समोर सहा खोकी, वरच्या खोक्यावर बोटाने रेघ ओढता येईल एवढी धूळ.

मग उलगडा केला. त्या वस्तूचे नग होते बारा. चॅनेलवर एक विकला गेला, चॅनेलने स्वतःचा आकडा अकरावर आणला आणि दोन निरोप पाठवले: ‘ऑर्डर आली’ आणि ‘साठा बदलून ११ झाला’. कनेक्टरने दुसरा निरोप प्रामाणिकपणे आमच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिला: ११. मागोमाग ऑर्डर आली, तेव्हा आमच्या सॉफ्टवेअरने त्या अकरातून एक वजा केला आणि चॅनेलला कळवलं: १०. विक्री एक, वजाबाकी दोन. सहा नग विकले गेले तेव्हा दोन्हीकडे शून्य झालं. आणि गंमत बघा, रोज रात्री दोन्ही प्रणालींचे आकडे ताडून पाहणारा अहवाल आम्ही मोठ्या अभिमानाने बसवला होता. तो हिरवागार होता. इकडे शून्य, तिकडे शून्य, फरक काही नाही. दोघांचं छान एकमत होतं, फक्त खोक्यांना ते मान्य नव्हतं.

यात वेगाचा संबंध कुठे आहे? सिंक अगदी रिअल टाइम होतं. चूकही रिअल टाइम पोचत होती. खरा प्रश्न हा की आकड्याचा धनी कोण. आम्ही नंतर ठरवलं ते असं: चॅनेलकडून फक्त घटना घ्यायच्या, म्हणजे ऑर्डर आली, रद्द झाली, ग्राहकाने परत पाठवली. साठ्याचा आकडा चॅनेलकडून कधीही घ्यायचा नाही. विकायला किती उपलब्ध हे एकाच ठिकाणी मोजायचं, गोदामाच्या सॉफ्टवेअरमध्ये: कप्प्यातले नग, वजा राखून ठेवलेले, वजा खराब, वजा बफर. चॅनेलला ‘एक कमी कर’ असं सांगायचं नाही, ‘आता सात’ असं सांगायचं. निरोप दोनदा गेला तरी सात ते सातच राहतात. ‘एक कमी कर’ दोनदा गेलं की घोटाळा. जुना सातचा निरोप नव्या सहानंतर पोचला तर पंचाईत होते, हे खरं; पंधरा मिनिटांनी पूर्ण आकडा पुन्हा पाठवायचा तो त्यासाठीच.

रिटर्नमध्येही हेच दुखणं लपलेलं असतं. चॅनेलवर पैसे परत करताना ‘माल साठ्यात परत घ्या’ अशी खूण असते, आणि ती बहुतेकदा आपण न बघताच पुढे जातो. वस्तू अजून वाटेत असते, कदाचित फुटलेली असते आणि चॅनेल ती विकायला लावून मोकळं होतं. नग साठ्यात कधी जमा करायचा, हे खोकं उघडून पाहणाऱ्या माणसाने ठरवायचं.

आता ते ‘कारकुनी काम’. तुमचा कनेक्टर एका चॅनेलवरची वस्तू दुसऱ्या चॅनेलवर कशी ओळखतो? त्याच यादीवरून. बारकोड काउंटरवर पहिल्यांदा वाचला गेला तो २६ जून १९७४ रोजी, च्युइंगमच्या पाकिटावरचा. तो यूपीसी प्रकारचा कोड, १२ अंकी. नंतरचा ईएएन १३ अंकी, आणि १२ अंकी कोडापुढे शून्य लावलं की तोच कोड १३ अंकी होतो. माणसाला हे कळतं. सॉफ्टवेअर दोन्हीकडे मजकूर जुळवत असेल, तर त्याच्या लेखी त्या दोन वेगळ्या वस्तू. एक्सेलमध्ये फाइल उघडली की ते पुढचं शून्य उडतं. त्याहून वाईट म्हणजे अरुंद रकान्यात १३ अंकी आकडा दहाच्या घातात दिसायला लागतो आणि तशीच फाइल सीएसव्ही (साध्या मजकुराची यादी) म्हणून जतन केली की मागचे अंक कायमचे जातात. मग यादीत ४०१०००००००००० असले कोड येतात, आणि दोन-तीन वेगळ्या वस्तूंना एकच कोड लागतो. सुदैवाने शेवटचा अंक तपासणीचा असतो. तो सोडून बाकीच्या अंकांना डावीकडून एकाआड एक १ आणि ३ ने गुणून बेरीज करायची, ती पुढच्या दहाच्या पटीत न्यायला जेवढे कमी पडतात तो शेवटचा अंक. वरच्या कोडाची बेरीज ५ येते, म्हणजे शेवटी ५ हवा होता आणि आहे शून्य. ही तपासणी यादी चढवण्याआधी लावली तर अशा बहुतेक ओळी तिथेच अडकतात.

जोडसंचांचंही तसंच. तीन नगांचा संच आणि सुटा नग एकाच कप्प्यातून जात असतील, तर ७ नगांवर संच दोनच दाखवायचे. एक सुटा गेला, ६ उरले, संच अजून दोनच. आणखी एक गेला की संच एकावर यायला हवा, जरी संचाची विक्री झालेली नसली तरी. संच म्हणजे कोणत्या कोडाचे किती नग, हे यादीत लिहिलेलं नसेल तर कनेक्टर कितीही वेगवान असो, त्याला ते कळणार कसं?

एक विनंती आहे. तुमच्या चॅनेलांवर आत्ता शून्य दाखवणाऱ्या वस्तूंची यादी काढा, त्यातल्या वीस निवडा आणि कुणाला तरी कप्प्यापर्यंत पाठवा. सॉफ्टवेअरमध्ये शोधू नका, तिथेही शून्यच दिसेल. वीसच्या वीस कप्पे रिकामे निघाले तर इथे येऊन लिहा. तुमच्या कनेक्टरचं नाव मी स्वतः विचारून घेईन.